तीट

“कपाळ.”

सुगंधाबाई म्हणायच्या आणि आम्ही कपाळ पुढं करायचो. ओल्या फडक्यानं त्या टिकली काढायच्या, टिकलीखालचा डिंकही घासून काढायच्या. मग “हात.” हात उताणे, हात पालथे, नखं. मग “आ करा.” सगळ्यांत शेवटी बांगड्या. दाराशेजारच्या भिंतीत खिळ्यांची एक रांग होती, प्रत्येकीचा खिळा ठरलेला. आम्ही आत असेपर्यंत आमच्या बांगड्या तिथं लटकून राहायच्या.

त्या सोमवारी रांगेत माझ्यापुढं वैशाली होती. तिच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता.

“मावशी, चुडा राहू द्या ना. वरून हातमोजे घालते की मी.”

“आन् हातमोज्यात काच फुटली मंग?”

“सासूबाई म्हणतात, वर्षभर हात मोकळे ठेवायचे नाहीत.”

“सासूला म्हणावं, तूच ये. तुझंबी कपाळ पुसते.” रांग हसली. “काढ गं बाई. तीन वर्षं झाले, रोज काढू राह्यले मी. माह्या नवऱ्याला काही झालं नाही. काल कालवण अळणी झालं म्हणून ताट सरकवलं त्यानं. एवढा ठणठणीत हाय.”

वैशाली हसली, तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग तिनं हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी उतरवली.

माझी पाळी आली. मी त्या विभागाची इंजिनिअर, आणि सुगंधाबाई कंत्राटी कामगार. पण त्या दारात त्याचा काही उपयोग नसायचा. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला.

“डोळे सुजले, मॅडम. पोरगी झोपू देत नाही वाटतं?”

“दूध नीट पीत नाहीये हो चार दिवस.”

“बघू आपण,” त्या म्हणाल्या आणि दार उघडून धरलं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सिन्नरजवळच्या एमआयडीसीतला केबलचा कारखाना, आणि त्यातली ही खोली. आत होता नुसता दाणा. साबुदाण्यासारखा पांढराशुभ्र प्लास्टिकचा दाणा, पेट्या भरभरून यायचा. तो वितळवून तांब्याच्या गाभ्याभोवती बसवायचा आणि त्याची जमिनीखालून जाणारी केबल करायची, दोन लाख वीस हजार व्होल्टची. आमच्या कंपनीनं तोवर एवढ्या दाबाची केबल कधी केली नव्हती. केबल विकसित करणाऱ्या विभागाचे प्रमुख उपासनी साहेब नवीन माणसाला दाण्याची मूठ दाखवून सांगत, “खांबावरच्या तारेला हवा सांभाळते. जमिनीखालच्या केबलला कोण सांभाळणार? हे. ह्यात केसाच्या जाडीचा कण राहिला ना, की वीज तिथं उंदरासारखी कुरतडत बसते. महिनाभर, वर्षभर. मग एक दिवस फुटतं आणि अर्ध्या शहराचे दिवे जातात.”

प्रत्येक पेटीतून नमुना काढायचा, खालून उजेड असलेल्या काचेवर पसरायचा आणि बघायचा, हे माझं काम. मळका दाणा दिसला की पेटी बाद. बघणं ही माझी नोकरीच होती म्हणा ना. आणि जुई झाल्यापासून घरी तरी मी दुसरं काय करत होते? ती झोपली की तिचं पोट वरखाली होतंय ना ते बघायचं. टाळू बघायची. शीचा रंग बघायचा, आणि कालच्या रंगाशी ताडून बघायचा. आई नागपूरला, सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. विचारायचं कोणाला? मोबाइलवर वाचायचे आणि जास्तच घाबरायचे.

बाळंतपणाची रजा संपवून परत आले, तेव्हा प्रॉडक्शनच्या बोराडे साहेबांनी सगळ्या मीटिंगसमोर विचारलं होतं, “मॅडम, आता लक्ष दाण्यात राहणार की पाळण्यात?” सगळे हसले होते. उपासनी साहेब मात्र न हसता म्हणाले होते, “ठकारच बघेल दाणा. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.” त्या एका वाक्यावर मी या कामावर टिकले होते आणि ते मला रोज सकाळी आठवायचं.

जुई आठ महिन्यांची होती. कँटीनच्या मागं कंपनीचं पाळणाघर होतं. दिवसातून दोनदा मी तिला पाजायला जायचे आणि परत येऊन पुन्हा दारात सुगंधाबाईंपुढं उभी राहायचे. कपाळ, हात, आ करा.

दूध पिण्याची तक्रार काही थांबेना. डॉक्टर म्हणाले, दात येत असतील. सुगंधाबाई म्हणाल्या, “दृष्ट लागली.”

“असलं काही नसतं हो, सुगंधाबाई.”

“नसतंच,” त्या लगेच म्हणाल्या. “पण गोरी गोमटी हाय, पाळणाघरात चार बाया येऊ राह्यल्या जाऊ राह्यल्या. गालाला एक ठिपका लावायला काय जातं?”

मी हसून सोडून दिलं. आठ दिवसांनी, जुईनं सकाळपासून तोंडात दूध घेतलं नव्हतं तेव्हा, बाकीच्या पोरी कपडे बदलून गेल्यावर मीच त्यांना हळूच म्हटलं, “काजळ घरी करता का हो तुम्ही? बाजारचं लावायची मला भीती वाटते.”

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी कनवटीतून एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची डबी काढली. रुपयाएवढी, झाकणाला पोचा आलेली.

“एरंडेलाच्या दिव्यावर धरलंय. गाईच्या तुपात घोटलंय. माह्या तिन्ही लेकरांना हेच लावलं.”

“आणि डबी?”

“डबी मिसरीची. आईची माह्या.” त्यांनी अंगठ्यानं झाकण पुसलं. “दहाव्या वर्षापासून मिसरी लावू राह्यले होते. इथं बायका घ्यायच्या होत्या, तव्हा उपासनी साहेब म्हणले, मिसरीवाली चालायची नाही. त्याच दिवशी सोडली. आठ दिवस डोकं असं ठणकायचं, भिंतीवर आपटावं वाटायचं. पण सोडली. डबी तेवढी फेकवली नाही. राखेनं घासली, उकळली, आन् आता तुमच्या लेकीसाठी काढली.” मग त्यांनी माझं मनगट धरलं. “पण मॅडम, घरी लावायचं. लावलं की हात धुवायचे. ह्या दाराच्या आत काजळ म्हंजी काय, ते मी तुम्हाला सांगावं का?”

“नाही हो. कळतं मला.”

तेवढ्यात वैशाली विसरलेली टोपी घ्यायला परत आली आणि दारातूनच ओरडली, “काय मावशी! डबी काढली का परत?”

“काढली तर!” सुगंधाबाई म्हणाल्या. “देऊ तुला चिमूटभर?” आणि तिच्याशी बोलता बोलताच त्यांनी डबी माझ्या ओढणीखाली सरकवली.

वैशाली हसत गेली. इंजिनिअर बाई गालाला लावायला तीट मागतेय, हे त्या रांगेत कळलं असतं तर दिवसभर पुरलं असतं. सुगंधाबाईंना ते माझ्याआधी सुचलं होतं.

सांगायची लाज वाटते, पण दुसऱ्याच दिवसापासून जुई दूध प्यायला लागली. दात आला होता, खालचा. मला ठाऊक होतं की दातच आला होता. तरी तीट मी एकही दिवस चुकवली नाही, आणि डबी घरी न ठेवता पर्समध्ये ठेवू लागले.

केबलचा तो खास तुकडा ओढायला घेतला तो एक बुधवार होता. हाच तुकडा पुढं मोठ्या परीक्षेला बसणार होता. तो पास झाला की कंपनीला दोनशे वीस केव्हीच्या केबलचं दार उघडणार होतं, आणि दाण्याच्या खोलीतल्या चार कंत्राटी बायकांना कायम करायचं, असं उपासनी साहेबांनी वरून कबूल करून घेतलं होतं. त्यात पहिलं नाव सुगंधाबाईंचं. त्यांनी तेव्हापासून मशीनशी बोलायला सुरुवात केली होती. जाता-येता म्हणायच्या, “नीट ओढ गं बाई. माह्या म्हातारपणाचा प्रश्न हाय.”

साडेदहाला पाळणाघरातून निरोप आला. जुई रडून रडून लाल झालीय. आत पेटी उघडलेली, नमुना घ्यायचा बाकी. मी धावत गेले. तिच्या अंगाला हात लावून पाहिला, कोमट लागलं. परत पाहिला, मग लागलं नाही. पाजलं. रडून पुसली गेलेली तीट नीट केली. ती हातावरच झोपली, तिला पाळण्यात ठेवलं, हात धुतले आणि पळत आले.

“थांबा मॅडम,” सुगंधाबाई दारात होत्या. “हात बघू.”

“धुतलेत मी.”

“बघू तर द्या. अर्धं मिनिट.”

“सुगंधाबाई, माझ्यासाठी तिकडं पेटी उघडी पडलीय. बोराडे साहेब घड्याळ बघत उभे आहेत.”

“पडू द्या. रोजचं हाय ते आपलं…”

“तुम्ही आता मला शिकवणार का? मी केलेत ना नियम? मला माहितीयेत ते.”

मी मोठ्यानं बोलले. आत वैशालीनं मान वर करून पाहिलं. सुगंधाबाईंच्या हातात ते ओलं फडकं तसंच राहिलं. त्या बाजूला झाल्या. दार मात्र त्यांनी नेहमीसारखंच उघडून धरलं.

आत गेले. पांढरा झगा, टोपी, हातमोजे चढवले. पेटी काठोकाठ भरलेली होती. नमुना तळातून घ्यायचा म्हणून मी खांद्यापर्यंत वाकले, हात खोल घातला. दाणा थंड आणि गुळगुळीत लागतो, तांदळात हात घालावा तसा. नमुना काचेवर पसरला, नीट पाहिला. स्वच्छ होता. मी सही केली.

दुपारी बाहेर आले, हातमोजे काढले, बेसिनशी उभी राहिले आणि हात धुतले. बराच वेळ धुतले.

केबल तयार झाली की ती काही आठवडे उबदार कोठीत ठेवतात, आतला वायू निघून जावा म्हणून. मग परीक्षा. दिवसातले आठ तास तापवायची, सोळा तास गार होऊ द्यायची, आणि सगळा वेळ तिच्यावर नेहमीच्या दुप्पट दाब. असे वीस दिवस. सुगंधाबाई रोज सकाळी परीक्षेच्या शेडच्या जाळीपाशी थांबून विचारायच्या, “आज कितवा?” पाचवा. आठवा. दहावा झाला त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “अर्धं बाळंतपण पार पडलं, मॅडम. कायमची ऑर्डर आली की तुमच्या जुईला पायातले वाळे करते मी. नाही म्हणायचं नाही.”

अकराव्या दिवशी सकाळी पावणेअकराला शेडमधून आवाज आला. स्फोट म्हणावा इतका मोठा नव्हता तो. कोणीतरी जड दार आपटावं तसा. सगळ्या कारखान्यानं ऐकला. मी तेव्हा काचेवर दाणा बघत होते. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. सुगंधाबाई म्हणाल्या, “गेली का?”

फुटल्या जागी नुसता कोळसा झाला होता, त्यात काही सापडण्यासारखं नव्हतं. म्हणून आजूबाजूच्या केबलच्या पातळ चकत्या कापल्या, काकडीच्या कापतात तशा. त्या चकत्या दुधी असतात, त्यांतून आरपार दिसत नाही. पण गरम तेलात सोडल्या की हळूहळू काचेसारख्या स्वच्छ होतात. आम्ही तिघं त्या काचेच्या भांड्याभोवती उभे होतो, उपासनी साहेब, बोराडे साहेब आणि मी. एक चकती गेली, दुसरी गेली. चाळीसएक झाल्या.

“हे काय?” उपासनी साहेब म्हणाले. त्यांनी भिंग माझ्याकडं दिलं. “ठकार, तू बघ.”

मी बघितलं. नितळ काचेत एक काळा ठिपका होता. कडा मऊ, जरा फासल्यासारख्या. त्याच्यातून तपकिरी, केसापेक्षा बारीक फांद्या फुटल्या होत्या, पानं गळलेल्या झाडासारख्या. ते झाड अजून वाढत होतं. त्याला आणखी काही दिवस मिळाले असते तर तेही फुटलं असतं.

“मशीनमध्ये करपलेला दाणा?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर. करपलेला पिवळट दिसतो.”

“बरोबर. हे बाहेरून आलंय. आणि तेलकट असणार, कारण कोरडा कण असता तर मशीनच्या चाळणीत अडकला असता. काजळीसारखं काहीतरी…”

“मिसरी,” बोराडे साहेब म्हणाले.

“काय?”

“ती दारावरची बाई. मिसरी लावायची ती. जळलेली तमाखूच की. परत सुरू केलीय, पोरींनी डबी पाहिलीय तिच्याकडं.”

मी भिंगातून डोळा काढला नाही. काढला असता तर कुठंतरी बघावं लागलं असतं.

दुपारी उपासनी साहेबांच्या केबिनमध्ये सुगंधाबाईंना बोलावलं. साहेब, बोराडे, मी खुर्च्यांवर. त्या उभ्या. साहेब म्हणाले, “बसा.” त्या म्हणाल्या, “नको.” पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, देवळात घेतात तसा.

“सुगंधाबाई, मिसरी लावता का?”

“सोडली साहेब. तुमच्या सांगण्यावरून सोडली. तीन वर्षं झाले.”

“दोन महिन्यांपूर्वी वैशालीनं तुमच्याकडं डबी पाहिली.”

“पाहिली असंल.”

“तुम्ही तिला म्हणालात, काढली परत. चिमूटभर देऊ का.”

“थट्टा केली, साहेब.”

“डबी होती की नव्हती?” बोराडे.

“होती.”

“काय होतं डबीत?”

टेबलावर कागदावर ती चकती ठेवलेली होती. गार होऊन पुन्हा दुधी झाली होती, पण ठिपक्याभोवती साहेबांनी शाईनं गोल केला होता. सुगंधाबाईंनी विचारलं, “बघू का जरा?” आणि चकती उचलून खिडकीच्या उजेडात धरली, अगदी दारात आमचे चेहरे धरायच्या तशी. कितीतरी वेळ पाहिली. ती त्यांनी खाली ठेवली, तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. मला ते त्यांच्या हातावरून कळलं. ती त्यांनी ठेवली नाही, मांडली. झोपलेल्या पोराचा हात बाजूला करून ठेवावा, तशी.

“डबी कुठंय आता?” उपासनी साहेबांनी विचारलं.

“माह्यापाशी नाही.”

“मग कुठंय?”

“दिली एकीला.”

“कोणाला दिली?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

डबी माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स माझ्या मांडीवर. आणि त्या बुधवारी बेसिनशी मी काय धुतलं तेही आता सांगते. डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला, हात धुताना पाणी पोचत नाही तिथं, जुईनं झोपताना गाल टेकला होता. तिथं काळा फराटा होता. अर्धाच. हातमोज्याच्या वरच्या काठालाही थोडं काळं होतं, आणि उरलेलं कुठं गेलं हे मी शोधलं नाही. नमुना स्वच्छ होता ना, मग पेटीही स्वच्छच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. चाळण्या आहेत, असं सांगितलं. मग साबण घेतला.

सुगंधाबाई पाहत होत्या. मागणी अशी काही नव्हती त्या बघण्यात. त्या नुसत्या थांबल्या होत्या, पुढचा माणूस बोलणार आहे हे ठाऊक असलेला माणूस थांबतो तशा.

माझ्या डोक्यात तेव्हा काय काय होतं? नोकरी होती. बोराड्यांचं ‘दाण्यात की पाळण्यात’ होतं. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत वर एक फार लहान गोष्ट होती. पर्स उघडून ती डबी टेबलावर ठेवायची आणि उपासनी साहेबांना सांगायचं, की सर, मी तीट लावते. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, विद्यापीठात तिसरी आलेली, दृष्ट लागू नये म्हणून लेकीच्या गालाला तीट लावते. एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघेना. चूक केली हे कदाचित मी सांगू शकले असते. हे नाही.

“ठकार,” साहेब माझ्याकडं वळले, “तू रोज ह्यांच्याबरोबर असतेस. तू कधी ह्यांना मिसरी लावताना पाहिलंस?”

“मी…” मी म्हणाले. “माझं तसं लक्ष नसतं, सर.”

ज्या माणसानं सांगितलं होतं की हिच्या नजरेतून काही सुटत नाही, त्या माणसाला मी हे सांगितलं. त्यांनी भुवया जरा उंचावल्या, आणि मान हलवली.

सुगंधाबाईंनी नजर काढून घेतली. “कोणाला दिली ते आठवत नाही, साहेब,” त्या म्हणाल्या.

“आठवत नाही!” बोराडे हसले. “बघा.”

“नाही आठवत. म्हातारी झाले.” मग त्या उपासनी साहेबांना म्हणाल्या, “पण मिसरी मी लावत नाही. ते खोटं लिहू नका. बाकी लिहा.”

त्यांना दाण्याच्या खोलीतून काढलं. यार्डात, केबलच्या लाकडी ड्रमांना फळ्या ठोकायच्या कामावर घातलं. उन्हाळा लागला होता. कंत्राट मार्चअखेरीस संपलं ते पुन्हा झालं नाही. नवा नियम निघाला, की आतल्या कुणाही बाईला कधीही मिसरीची सवय नसावी. दारावर वैशालीला उभं केलं. ती म्हणायची, “मॅडम, कपाळ,” आणि मान खाली घालून माझ्या हातांकडं न बघताच दार उघडायची. मी तिला कधी सांगितलं नाही, की बघ.

केबल आम्ही पुन्हा ओढली. ती पास झाली. आज ती एका मोठ्या शहराच्या रस्त्याखालून जाते, वरून बस जातात, पोरं सायकली शिकतात. मी त्या विभागाची प्रमुख आहे. उपासनी साहेब निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाच्या भाषणातही माझ्या नजरेचा उल्लेख होता. जुई चौथीत आहे, तिचे पुढचे दात पडून परत आले. या सगळ्यात बोलायला किती दिवस होते, ते मी मोजलेले नाहीत. मोजता येण्यासारखे नाहीत.

पण एक दिवस राहिला सांगायचा. मार्चमधला शेवटचा.

सुट्टीच्या भोंग्यानंतर मी जुईला कडेवर घेऊन पाळणाघरातून निघाले, तर फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली सुगंधाबाई उभ्या. दोन महिने मी यार्डाच्या बाजूनं जाणंच टाळलं होतं. चेहरा उन्हानं करपलेला, अंगठ्याला चिंधी बांधलेली. जुईनं त्यांना ओळखलं, दोन्ही हात पुढं केले, त्यांच्याकडं झेप घेतली.

त्यांचे हात वर आले आणि तिथंच थांबले. “नको गं माय. हात घाण हायेत माहे.”

“सुगंधाबाई,” मी म्हणाले, “मी तुमच्याकडं येणारच होते. मी साहेबांशी…”

“डबी द्या माही.”

“हो. हो, देते.” मी पर्स उघडली. एका हातावर जुई, ती पर्समधलं सगळं ओढत होती. चाव्या पडल्या, रुमाल पडला. त्यांनी वाकून ते उचलून दिलं. डबी तळाशी होती.

त्यांनी ती घेतली, झाकण फिरवून उघडली आणि आत पाहिलं. काजळ निम्म्यावर आलं होतं. मधोमध माझ्या बोटाचा खड्डा होता.

“लई खोल बोट घालता, मॅडम, तुम्ही,” त्या म्हणाल्या. “एवढं लागत नाही लेकराला.”

आवाज चढलेला नव्हता. स्वयंपाक शिकवताना एखादी बाई सांगते, मीठ जरा कमी, तसं त्यांनी सांगितलं. मग झाकण लावलं, डबी पदराच्या टोकात बांधली, गाठ दातांनी आवळली आणि रस्त्यानं चालायला लागल्या. जुई त्यांच्या पाठीकडं हात करून ओरडत होती.

मी हाक मारली नाही.

त्या वळणाआड गेल्या. मग मी ओढणीचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि जुईच्या गालावरची तीट पुसायला लागले. सकाळी लावलेली, चांगली जाडजूड होती. पुसली तशी ती पसरली. मी आणखी घासलं. ती रडायला लागली, मान फिरवू लागली, तिचा गाल लाल झाला आणि त्या लालावर ते काळं हनुवटीपर्यंत, कानापर्यंत गेलं, माझ्या बोटांना लागलं, ओढणीला लागलं. फाटकातून बायका बाहेर पडत होत्या, हातात बांगड्या चढवत, आणि आमच्याकडं बघत जात होत्या.